आबांच्या गाडीचे तीन नट

भावानं बहिणीला गाडी दिली, ही गोष्ट डिंगोऱ्यात सगळ्यांना सांगून झाली, तेव्हा ती गाडी जागची हलत नव्हती.

गाडी आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची. ते गेल्यावर काही महिन्यांतच मी जुन्नरला जाऊन जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही करून आले. आमच्याकडं बहिणीनं ही सही करायची असते. सक्ती कुणी करत नाही. फक्त आधीचे काही दिवस वहिनी फोनवर जरा जास्तच गोड बोलते, मामा ‘सहज इकडं आलो होतो’ म्हणून चहाला येऊन जातात, आणि आई म्हणते, “माहेर राह्यला पायजे बाई, जमीन काय उरावर घेऊन जायचीय?” सही झाली की सगळ्यांनी मिळून मिसळ खायची, बाजारात जाऊन बहिणीला साडी घ्यायची आणि हसत घरी यायचं. मीही मिसळ खाल्ली. साडीच्या दुकानाच्या पायरीवर मात्र थांबले. म्हटलं, “साडी नको. मला आबांची गाडी दे.”

भाऊ माझ्याहून लहान. तो आधी दचकला. मग कोणती गाडी ते लक्षात आलं तेव्हा मोकळा हसला. “ती व्हय? ती तर भंगारवाल्याला देणार व्हतो, ताई. ने की! तुला काय मी नाय म्हणतोय का?”

दोन दिवसांत गावभर झालं. मला लोणीला फोन यायला लागले. लोणी माझं सासर, आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला. तिथल्याच हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. मधल्या सुट्टीत चुलत्यांचे फोन, मावशीचा फोन. आजकाल कोण बहिणीला गाडी देतं, भाऊ असावा तर असा. मी हो हो म्हणत होते. मी भावाला जमीन दिली होती, त्याबद्दल त्याला कुणी फोन केल्याचं ऐकलं नाही.

गाडी जुनी, डिझेलवरची, डब्यासारखी चौकोनी. मागं समोरासमोर दोन बाकं. मी कॉलेजात असताना आबांनी ती कुणाकडून तरी घेतली, तेव्हाच ती नवी नव्हती. एकदा आम्ही सगळे तिच्यातून आहुप्याची देवराई बघायला गेलो होतो. परत येताना रस्त्यातल्या दगडावर खालचा भाग आदळला आणि सायलेन्सरचा पाइप लोंबायला लागला. आई आणि भाऊ झाडाखाली जाऊन बसले. आबा गाडीखाली शिरले आणि मला म्हणाले, “पाने दे एकेक.” थोड्या वेळानं म्हणाले, “तिथनं काय दिसतंय तुला? आत ये.” मी पंजाबी ड्रेसवर त्या मातीत आडवी झाले. गंजलेला नट ताकदीनं सुटत नाही, हे मला तिथं कळलं. आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा, परत आवळायचा. डोकं तापलं की हात बाहेर काढायचा. आबांना बोलून शिकवता यायचं नाही, ते नुसते करत राहायचे आणि अधूनमधून ‘हं’ म्हणायचे. त्यानंतर गाडीखाली काम निघालं की हाक मलाच यायची. भाऊ आधी गाडी चालवायला शिकला, मी आधी तिच्याखाली झोपायला शिकले. लग्न होऊन गेल्यावरही दिवाळीला गेले की आबा हळूच विचारायचे, “येतीस का जरा खाली?” आणि आम्ही दोघं तासभर तिथंच.

पुढं आबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ओसरीवर त्यांची खाट टाकली होती. गाडी समोरच अंगणाच्या कडेला उभी. तेव्हापासून दर रविवारी भाऊ ती धुवायचा. टोमॅटोच्या फवारणीचा मोटारीचा पंप काढायचा, त्याची नळी प्लॅस्टिकच्या पिंपात सोडायचा आणि गन हातात घेऊन जोराच्या फवाऱ्यानं गाडी वरून, आतून, खालून झोडपून काढायचा. वहिनी मोबाईलवर व्हिडिओ घ्यायची. व्हिडिओत शेवटी आबा दिसायचे. ते रडायचे, डावा हात उंच करून तोंडानं आवाज करायचे. भाऊबंदांच्या ग्रुपवर व्हिडिओ पडला की खाली हात जोडलेल्या खुणांची रांग लागायची. वडिलांच्या डोळ्यात पाणी आलं. असा मुलगा सगळ्यांना मिळो. मीसुद्धा हात जोडलेली खूण टाकली आहे, एकदा नव्हे, पुष्कळदा.

तर ही गाडी माझी झाली. मी नवी बॅटरी घेऊन डिंगोऱ्याला गेले. इंजिन बिचारं पहिल्या झटक्यात लागलं, पण आवाज असा आला की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. सायलेन्सरचा इंजिनाजवळचा पाइप सांध्यापाशी गंजून खाल्ला गेला होता आणि सगळा धूर पत्र्यातून गाडीच्या आत येत होता. अंगणातल्या अंगणात एक फेरी मारली तर डोळे चुरचुरले आणि मळमळायला लागलं. तसं लोणीपर्यंत जाणं म्हणजे जीव द्यायचं काम. ओतूरचा एक मेकॅनिक बोलावला. त्यानं खाली वाकून मोबाईलचा उजेड मारला आणि लगेच उभा राहिला.

“पाइप बदलायला लागंल. पण ते तीन नट सुटायचे न्हाईत, मॅडम. स्टड मोडणार. मग वरचं सगळं उतरवा. या गाडीला कोण एवढं करतंय? देऊन टाका भंगारात.”

भाऊ शेजारीच उभा होता. तो म्हणाला, “बघ ताई, मी म्हणलोच व्हतो. तुझी हौस व्हती म्हणून दिली. पण सोमवारी जेसीबी येतोय. तिथं कांदा साठवायला बराख बांधायचीय. तोवर नेली तर तुझी, न्हाईतर भंगारवाला त्या दिवशी येणारच हाय.”

हे बोलताना तो हसतच होता. त्याला वाटलं, बाई आता साडीवर येईल.

मला राग आला. मंचरच्या जुन्या बाजारात फिरून मी त्या गाडीचा एक बरा पाइप शोधला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तो पाइप, पिशवीत पॅकिंग, नवे बोल्ट आणि गंज सोडवायच्या तेलाचा डबा घेऊन एसटीनं निघाले. नवरा म्हणाला, “एवढ्या वयात गाडीखाली झोपणार का? माणसं काय म्हणतील?” माणसं काय म्हणतील ते मला पाठ आहे. मी सही केली तेव्हाही ती काही म्हणाली नाहीत.

डिंगोऱ्यात पोचले तेव्हा दुपार उतरत होती. गाडी जॅकवर घेतली, मागच्या चाकांना दगड लावले आणि चासीखाली आबांनी राखलेले बाभळीचे ओंडके सरकवले. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हा त्यांचा नियम. आईची जुनी सतरंजी अंथरली आणि आत शिरले. रस्त्यानं जाणारा-येणारा थांबत होता.

“पावणीला कामाला लावलं व्हय रं?”

“ताई, तुमी मास्तरीण झाला ते चुकलंच राव!”

मी वर बघितलं. पाइपाचा वरचा गोल जिथं इंजिनाला बसतो तिथं तीन स्टड, म्हणजे आट्यांचे दांडे, खाली आलेले होते आणि त्यांवर तीन नट होते, पण ते नट आहेत हे सांगावं लागलं असतं. तीन ढेकळं होती. तारेचा ब्रश घेऊन घासायला सुरुवात केली. गंजाचे पापुद्रे तोंडावर पडत होते. वरचा तपकिरी थर निघाला आणि खाली हिरवट निळी पूड दिसली. मला वाटलं, कुठला तरी रंग उडाला असेल. आणखी घासलं. नटाच्या कडेला लालसर चमक आली. पितळेसारखी नाही, तांब्यासारखी.

माझा हात तिथंच थांबला. हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात करून दाखवते. परीक्षानळीत मोरचुदाचं निळं पाणी घ्यायचं, त्यात लोखंडी खिळा सोडायचा. थोड्या वेळानं खिळ्यावर तांबं चढतं, पाणी हिरवट होतं आणि लोखंड झिजत जातं. मुलं दरवेळी ‘मॅडम, सोनं झालं’ म्हणून ओरडतात. माझ्या बापाच्या गाडीखाली तोच खिळा माझ्या नाकासमोर होता.

मान वळवली तर गाडीखालून अंगणाची खालची पट्टी दिसत होती. तिथं फवारणीचा पंप होता, नळीचं वेटोळं होतं आणि ते पिंप. द्राक्षाला, टोमॅटोला मारायचं मोरचूद त्याच पिंपात भिजवतात. पिंप कधी धुतलं जात नाही, वरून पाणी सोडलं की झालं. पिंपाच्या तळाशी निळी साय कायम असायची. आबा धडधाकट होते तोवर गाडी बादलीनं धुवायचे, आणि औषधाचं पिंप गाडीजवळ कुणी नेलं की अंगावर जायचे. “ते लोखंड खातं!” हे ओरडणं आमच्या घरात इतकं नेहमीचं होतं की आम्ही ते ऐकणं सोडून दिलं होतं.

मग ते रविवार माझ्या डोळ्यांसमोर आले. वर केलेला डावा हात. ते तोंडातले आवाज. ते डोळ्यातलं पाणी. मी गाडीखालून बाहेर आले नाही. मला बाहेर येऊन कुणाचं तोंड बघायची इच्छा नव्हती.

आई चहा घेऊन आली आणि चाकाशी टेकून बसली. मला तिचे फक्त पाय दिसत होते.

मी विचारलं, “आई, रविवारी गाडी धुताना आबा काय म्हणायचे?”

“काय म्हणणार? तोंड कुठं चालत व्हतं त्यांचं.”

“तुला सगळं कळायचं त्यांचं. पाणी हवं, कूस बदलायची, सगळं.”

तिनं पाय आखडून घेतले. मग म्हणाली, “नगं नगं म्हणायचे.”

“आणि हात?”

“पिपाकडं करायचे.”

मी बाहेर आले. तोंड गंजानं भरलेलं, हातात ब्रश. विचारलं, “मग तू सांगितलं का नाहीस?”

“कुणाला सांगू?” आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “सारा गाव पोराचं नाव काढत व्हता. बाप आजारी, आन् पोरगं गाडीसुदिक जपतंय म्हणून. त्यात मी उठून म्हणू का, त्यांना नगं हाय म्हणून? त्याचं तोंड पाडू का चारचौघात? आन् ती गाडी कुठं चालणार व्हती आता.”

“आबा तर बघत होते ना!”

“बघत व्हते,” आई म्हणाली. “मी तोंड पुसायचे त्यांचं.”

तिच्यावर मी आयुष्यात इतकी चिडले नव्हते. तिचा चहा मी प्याले नाही. ज्या माणसाची शब्दाविना सगळी भाषा तिला कळत होती, त्याचा एक नकार तिनं दर रविवारी पदरानं पुसून टाकला. आणि हे दुष्टपणानं नव्हे, रीत म्हणून. मुलाचं तोंड पडू नये म्हणून नवऱ्यानं रडावं आणि मुलीनं सही करावी. आमच्या घरात हे कुणी ठरवलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. मीही त्याच घरातली, मलाही ते ठाऊक होतं. सही करताना पेन मागून घेतलं होतं मी.

रागाच्या भरात मी पहिल्या नटाला पाना लावून ओढला. तो हलला नाही, पाना सटकला आणि मुठीची सालं निघाली. आबा असते तर म्हणाले असते, हात बाहेर काढ. मी हात बाहेर काढला. तिन्ही नटांवर तेल सोडलं, हातोडीनं बाजूबाजूनं हलके ठोके मारले, परत तेल सोडलं आणि ते तसेच ठेवून आत गेले. जेवताना भाऊ म्हणाला, “काय, सुटलं का?” मी म्हटलं, “उद्या.” वहिनी भाकरी वाढताना माझ्या हाताकडं बघत होती. तिनं हळद आणून दिली.

रविवारी सकाळी चहाच्या आधीच मी खाली होते. एका हातात गॅसचा छोटा टॉर्च, दुसऱ्यात देव्हाऱ्यातली मेणबत्ती. पहिला नट तापवला, जरा निवू दिला आणि मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत शिरलं. मग गोटी पाना नीट बसवला आणि सोडवायच्या उलट्या बाजूला, आवळायच्या बाजूला, कणभर दाबला. कर्र झालं. गंज फुटल्याचा तो आवाज मला कॉलेजात असल्यापासून आवडतो. मग सोडला. परत आवळला. तेल. परत सोडला. चिकाटीचं काम आहे, त्यात शौर्य काही नाही. पाव फेरा, अर्धा फेरा करत तो नट हातात आला. गरम होता तरी मी तो काही वेळ मुठीत धरून ठेवला.

दुसऱ्या नटाचे कोपरे राहिलेच नव्हते. पाना नुसता गोल फिरायचा. त्याला छिन्नी लावली आणि हातोडीनं एका बाजूनं चिरला. आडवं पडून, हात डोक्याच्या वर धरून ठोके मारायचे, तेही स्टडचे आटे वाचवून. खांदा भरून आला. हातोडी दोनदा अंगठ्यावर बसली तेव्हा मी जी शिवी दिली ती रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्यानं ऐकली आणि तो वळून निघून गेला. नट फाटला आणि बाहेर पडला.

तिसरा सुटतोय असं वाटलं. तापवला, मेण दिलं, आवळला, सोडला, छान फिरायला लागला. मला आनंद झाला, आणि तेवढ्यात हाताला कळलं की नट नाही, स्टडच पिळवटतोय. ते लोखंड आतून खाल्लेलं होतं. थांबायच्या आधीच तो मोडला. अर्धा तुकडा माझ्या गळ्यावर पडला, अर्धा वर अडकून राहिला. मी तशीच पडून राहिले आणि रडले. गाडीखाली रडायची एक सोय असते, वरच्यांना वाटतं काम चालू आहे. हा स्टड माझ्या चुकीनं मोडला नव्हता. तो त्या व्हिडिओंनी मोडला होता. प्रत्येक हात जोडलेल्या खुणेनं थोडा थोडा, त्यात माझ्याही होत्या.

मग उठले. आबांच्या पेटीतून ड्रिल काढलं. उरलेल्या स्टडच्या मधोमध खूण ठोकली आणि हळूहळू भोक पाडत गेले, लहान बिटानं आधी, मग मोठ्यानं. लोखंडाचा कीस डोळ्यात जाऊ नये म्हणून वहिनीच्या स्कूटरचं हेल्मेट घातलं होतं. ते बघायला बायका जमल्या. भोक आरपार झालं. तिथं नवा लांब बोल्ट घालून मागून नट देता येणार होता. आटे नसले तरी सांधा पक्का बसणार होता. पॅकिंग बसवलं, नवा पाइप लावला, तिन्ही नट आळीपाळीनं आवळले. प्रत्येकाला काळं ग्रीस दिलं, पुढं कुणाला काढायची वेळ आली तर सुटावेत म्हणून.

ओंडके काढून गाडी खाली घेतली आणि चावी फिरवली. म्हशी बसून राहिल्या. इंजिन इतकं शांत चालत होतं की आतल्या घड्याळाचा काटासुद्धा ऐकू आला असता, अर्थात ते घड्याळ केव्हाच बंद पडलंय. धूर मागच्या मागं जात होता. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. आबांना हे दाखवता येणार नव्हतं, आणि त्या क्षणी मला फक्त तेवढंच हवं होतं.

भाऊ घरातून धावत आला. तो खरोखर खूश झाला होता. त्यानं बॉनेटवर हात मारला, “ताई, लई भारी!” म्हणाला, वहिनीला हाक मारून व्हिडिओ घ्यायला लावला. बाजूला बसून एक फेरी मारू म्हणाला. आम्ही हमरस्त्यापर्यंत जाऊन आलो. परत अंगणात आल्यावर तो खाली उतरला नाही. मागच्या बाकांकडं वळून बघत होता.

“ही बाकं काढली तर क्रेट किती बसतील गं?” तो म्हणाला. “नारायणगावला टोमॅटो न्यायला दुसऱ्याच्या पिकअपची वाट बघावी लागती. ही हितंच राहू दे, ताई. तुला तिकडं काय काम पडणार?”

मला वाटलं थट्टा करतोय. म्हटलं, “तू मला दिलीस ही. गावभर सांगितलंस.”

“तवा ती भंगार व्हती,” तो म्हणाला. आवाजात जराही लबाडी नव्हती, आणि त्याचंच मला जास्त लागलं. त्याला हे इतकं सरळ दिसत होतं. जे त्याच्या कामाचं नव्हतं ते त्यानं मला दिलं होतं, आता ते कामाचं झालं, मग ते घरचंच. “आन् आबांची आठवण हाय. दोन वरीस दर रविवारी मी धुतलीय ती. तू कुठं व्हतीस?”

मग मी सांगितलं. पिंप, मोरचूद, नटावरचं तांबं, आबांचा हात. मोडलेला स्टड त्याच्यापुढं धरला. आबा आनंदानं रडत नव्हते, नको म्हणत होते, हे त्याला तोंडावर सांगितलं. त्यानं तो तुकडा हातात घेऊन फिरवून बघितला. क्षणभर वाटलं, पोचलं.

“कायबी बोलू नको, ताई,” तो म्हणाला. “आबांना आनंद व्हायचा. सगळ्या भाऊबंदांनी बघितलंय.”

मी आईकडं बघितलं. ती ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. तिनं एक शब्द बोलायला हवा होता. मी वाट बघितली. भावानंही तिच्याकडं बघितलं. आई म्हणाली, “दे ना गं त्याला चावी. कशाला वाढवतीस? भावाचं घर हाय, माहेर हाय.”

मी खिडकीची काच वर घेतली. मग भावाला म्हटलं, “उतर.” तो उतरला. त्याला वाटलं मी पण उतरतेय. मी पिशवी बाजूच्या सीटवर टाकली आणि इंजिन चालूच ठेवलं.

आमच्याकडं माहेरवाशीण निघाली की तिला कुंकू लावल्याशिवाय जाऊ देत नाहीत. कितीही घाई असो, एसटी फाट्यावर येऊन उभी राहिली असो. आबा गेल्यापासून आई कुंकवाला हात लावत नाही, वहिनी लावते. वहिनी बाहेर यायला निघाली. तिच्या हातात करंडा होता, ती उंबऱ्यापर्यंत आली होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो मोबाईलकडं बघत उभा होता. ती तशीच मागं फिरून आत गेली.

मग आई चालत खिडकीपाशी आली. मी काच खाली केली. ती हळू आवाजात म्हणाली, “आता कुणाच्या जिवावर तुला बोलवू मी?”

मी गाडी गिअरमध्ये टाकली आणि फाटकातून बाहेर काढली. ओतूर गेलं, नारायणगाव गेलं, मंचरच्या पुढं अंधारायला लागलं. पाइपाचा सांधा कुठं गळतोय का म्हणून मी वाटेत कान लावून होते. कुठंच गळला नाही.

त्याच आठवड्यात ग्रुपवर भावानं एक जुना व्हिडिओ टाकला. गाडीवर पाण्याचा फवारा, शेवटी आबा रडताहेत, हात वर. खाली त्यानं लिहिलं होतं, आबांची शेवटची आठवणही घरातून गेली. रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. मी काही लिहिणार तेवढ्यात मला ग्रुपमधून काढलं गेलं. भाऊबीजेला फोन आला नाही. गाडीच्या कागदांवर अजून आबांचंच नाव आहे, भावाच्या सहीशिवाय ते बदलत नाही, आणि तो सही करत नाही. मी केली होती.

आई फोन करते. भाऊ रानात गेला की शेजारणीच्या मोबाईलवरून, घाईघाईनं. माझा गुडघा कसा आहे विचारते, मुलांचं विचारते, एकदा तर गाडी चढाला दम खाते का तेही विचारलं. पूर्वी फोन ठेवताना ती हटकून म्हणायची, “कधी येतीस?” तेव्हा मी तीन एसट्या बदलून जायचे आणि वाटेत सारखी कुरकुर करायचे की आपल्याकडं गाडी नाही. आता गाडी दारात असते, टाकी भरलेली असते. आई सगळं विचारते, आणि तेवढं एक विचारत नाही.